अर्धी राहिलेली मोजणी

मला उघडा डोंगर दिसेल असं वाटलं होतं. नऊ पावसाळ्यांपूर्वी जिथे कडा सुटून अख्खी हिरडेवाडी खाली गेली, तिथे दुसरं काय असणार? लाल मातीची एक लांब जखम, तिच्यात उगवलेलं गवत, कडेने कारवी, फार तर कमरेएवढी चार झुडपं. नेदरलँड्समध्ये संगणकावर मी जे गणित मांडलं होतं, तेही हेच सांगत होतं. वरची कसदार माती वाहून गेलेल्या उतारावर जंगल परतायला दोन पिढ्या जातात. प्रत्यक्षात भिकाभाऊंच्या पिकअपमधून उतरले, ओढा ओलांडला, आणि समोर गच्च रान उभं होतं. चांदाडा, उंबर, भोमा, जांभूळ. बुंध्याला कव घालायला माझे दोन हात जेमतेम पुरत होते. वर पानं एकमेकांत इतकी शिरलेली की दुपारी बारालाही खाली संध्याकाळच होती.

दिवा जरा तुमच्या बाजूला सरकवते. इथे वीज आली आहे, पण भादव्यात तिचा भरवसा नसतो. बसा निवांत. जागा तुम्हाला उद्या उजेडात दाखवीन. आज फक्त ऐका.

मी मूळची महाळुंगे पडवळची. ऊस-कांद्याचं घर आमचं. पण पाचवीपासून हॉस्टेलात राहिले, मग पुणं, मग परदेश. आंबेगावचा हा पश्चिमेचा डोंगर लहानपणी मी फक्त आमच्या गच्चीवरून पाहिला होता, निळा आणि लांब. परत आले ते एक गोष्ट सिद्ध करायला. झाड मातीतून येतं असं आपण समजतो. ते हवेतून येतं. पान हवेतला कार्बन ओढून घेतं आणि त्याचं लाकूड करतं. वाळलेल्या ओंडक्याचं निम्मं वजन म्हणजे हवेतून गोळा केलेला कार्बन. डोंगराला माणसाने काही वर्षं नुसतं सोडून दिलं, तर तो हे काम आपणहून आणि फुकट करतो, हे मला आकड्यांनी मांडायचं होतं. तेव्हा माझा आकड्यांवर फार विश्वास होता. अजूनही आहे. म्हणूनच तर हे सांगणं मला अवघड जातं.

रान इतकं लवकर का वाढलं, याचं अर्धं उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं. या डोंगरात भाताची रोपं टाकायच्या आधी राब करतात. झाडांच्या फांद्या छाटायच्या, वाफ्यावर पसरून जाळायच्या आणि त्या राखेत बी टाकायचं. त्यामुळे आजूबाजूची सगळी झाडं उन्हाळ्यात खराट्यासारखी दिसतात. पण या उतारावर कुणी कोयता लावत नाही. वाचलेली माणसं दूर नवीन वसाहतीत राहायला गेली, तीही लावत नाहीत आणि शेजारच्या वाड्यांतलीही नाहीत. का, असं मी भिकाभाऊंना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्याच मान्सांवर कोयता कोन चालवील, म्याडम?"

हा भिका, तोंडावर मी त्याला भिकाभाऊ म्हणायचे, वाडीतून वाचलेल्यांपैकी एक. त्या दिवशी तो पेठला माल घेऊन गेला होता म्हणून वाचला. त्याची बायको उज्ज्वला तिसऱ्या दिवशी सापडली. सात वर्षांची मुलगी हर्षाली सापडली नाही. यंत्रं काही दिवस चालली, पाऊस थांबेना, वरून आणखी दगड सुटायला लागले, मग खोदकाम बंद झालं. पुढे त्याने दुसरं लग्न केलं, आता महाळुंग्यालाच राहतो, पिकअप चालवतो आणि त्याला शौर्य नावाचा मुलगा आहे. स्वभाव थट्टेखोर. मी झाडांना टेप लावून जाडी लिहायचे, तर म्हणायचा, "कमरंचं माप घेताय, मंजी ब्लाउज शिवनार का म्याडम?" हसायचा, पण चांदाड्याच्या एका झाडापाशी आला की गप्प व्हायचा. माझ्या ध्यानात आलं होतं. विचारलं नव्हतं.

राहायला मी त्याच्या आईकडे होते. याच घरात. तेव्हा हा नुसता गोठा होता, ओढ्याच्या अलीकडचा, म्हणून वाचलेला. सोनीबाई त्यात एकट्या राहायच्या. दोन शेळ्या, चार नाचणीचे वाफे, दारात हे जांभळीचं झाड. भिका दर महिन्याला यायचा आणि म्हणायचा, आये, चल. त्या दर महिन्याला त्याला जेवू घालायच्या आणि एकट्याला परत पाठवायच्या.

रोज दिवेलागणीच्या आधी सोनीबाई ओढा ओलांडून रानाच्या तोंडाशी जायच्या आणि काहीतरी ओरडून यायच्या. मला वाटलं, शेळ्यांना बोलावतात. मग एकदा लक्षात आलं, शेळ्या तर दावणीलाच असतात. एका संध्याकाळी वाऱ्याची दिशा बदलली आणि शब्द ऐकू आले.

"येऊ का?"

एवढंच. थोडं थांबायच्या, ऐकायच्या, परत फिरायच्या.

त्या रात्री कोरा चहा पिताना त्यांनी स्वतःच सांगितलं. आवाज अगदी साधा होता, भाताच्या लावणीबद्दल बोलावं तसा. पाऊस थांबत नव्हता, शाळा बंद होती, आणि हर्षालीने खेळू म्हणून डोकं खाल्लं होतं. तिला लपायचा भारी नाद. कणगीत, गोधड्यांच्या घडीत, कुठेही शिरायची आणि जवळ गेलं की श्वास धरायची. घर लहान, जागा संपल्या, म्हणून ती म्हणाली, आजी, तू ओढ्यापल्याड जांभळीपाशी जाऊन मोज, म्हणजे मला येळ मिळंल.

"मी आले हितं. पदर डोळ्यावर घ्येतला. धा, ईस, तीस... साठ म्हनलं आन् भुई हालली. वाटलं, इमान आलं खाली. पन डोळं न्हाई उघडलं, म्याडम. उघडलं आसतं तर ती रुसती, आजी लबाडी करती म्हनती. म्हून मिटूनच ऱ्हायले. लई आवाज झाला. मग काहीच आवाज न्हाई. मग उघडलं..."

त्यांनी कपातला गाळ पाहिला.

"वाडीच न्हाई."

कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "राज्य अजून माझ्यावरच हाय. भिक्या म्हनतो, चल. डाव टाकून कुटं जाऊ?"

माझं काम संपत आलं होतं. शेवटचा भाग तेवढा उरला होता, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. एखाद्या रानात किती कार्बन साठलाय हे नुसत्या जाडीवरून नेमकं कळत नाही. त्यासाठी सरासरी जाडीची काही झाडं पाडावी लागतात, तुकडे करून तोलावी लागतात, आणि मुळं खणून काढून तीही तोलावी लागतात. जमीन या माणसांचीच. मनाविरुद्ध का होईना, त्यांनी परवानगी दिली होती. एकच झाड पाडायचं असं मी ठरवलं होतं. सरासरी काढली, जवळात जवळ बसणारं झाड शोधलं, तर तो चांदाडा निघाला. भिका ज्याच्यापाशी गप्प व्हायचा, तोच.

तो म्हणाला, "त्याच्याखाली आमचं घर हाय."

मी लगेच म्हटलं, दुसरं झाड घेऊ. त्याने मान हलवली. नको, हेच घ्या. मुळं काढायला खोल खणावं लागेल ना? मग खणाच. काही मिळालं तर मिळालं, नाही मिळालं तरी आई आपल्या डोळ्याने खड्डा बघेल. एकदा खड्डा बघितला की तिचा डाव संपेल आणि ती माझ्याबरोबर येईल. सोनीबाईंनाही तेच हवं होतं. नऊ वर्षं त्या येईल त्याला खणा म्हणत होत्या, कुणी मनावर घेत नव्हतं. त्यांना वाटायचं, यासाठीच मला देवाने तिकडून धाडलंय. मी अशा गोष्टी मानत नव्हते. पण माझ्या कामाचा कुणालातरी असा उपयोग होतोय याचं मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही.

टेपशिवाय माझ्याकडे एक यंत्रही होतं. मातीत पाइपचं वीतभर रुंद कडं ठोकून ठेवायचं आणि त्यावर पारदर्शक झाकण बसवायचं. झाकणातून एक नळी पिवळ्या पेटीत जाते आणि पेटीच्या पडद्यावर एक रेघ चढत जाते. मातीतली मुळं, बुरशी, किडे सगळे श्वास सोडत असतात. त्यातून किती कार्बन वर येतो, हे ती रेघ सांगते. कधी भरभर चढते, कधी हळू, पण चढतेच. कारण माती श्वास सोडते, घेत नाही. हे मी सोनीबाईंना पहिल्याच आठवड्यात मोठ्या उत्साहाने समजावलं होतं.

त्यांनी कड्याकडे पाहत विचारलं होतं, "कोन सोडतंय म्हनायचा?"

"सगळेच, आजी. खाली जे जे जिवंत आहे ते."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्यामागे आल्या, चांदाड्याच्या बुडाशी एक जागा पायाच्या अंगठ्याने दाखवली आणि म्हणाल्या, हितं बी एक ठोका. मी ठोकलं. बाकीची कडी मी मोजून-मापून जागा ठरवून लावली होती. हे तेवढं एक त्यांच्या सांगण्यावरून.

झाड पाडायच्या आदल्या संध्याकाळी त्या कड्याचं माप घ्यायचं राहिलं होतं. दिवसभर धुकं उठलंच नव्हतं. चारलाच उजेड दुधात पाणी घातल्यासारखा झाला. सोनीबाई म्हणाल्या, मी येते संगं. त्या पुढे, मी मागे. ओढ्याचा आवाज मागे पडला आणि मग फक्त थेंब. चांदाड्याची पानं तळव्याहून मोठी, गोल असतात आणि देठ मधोमध लागलेला असतो, छत्रीसारखा. एकेका पानावर पाणी साचायचं, पान कलायचं, खालच्या पानावर ओतायचं. वर कुणीतरी सावकाश भांडी घासत बसलंय असं वाटत होतं. सोनीबाईंनी एक गळलेलं पान उचललं, डोक्यावर धरलं आणि म्हणाल्या, हर्षाली आशी शाळंत जायची. मग ते खाली ठेवलं, पालथं, जपून.

मी झाकण बसवलं, पेटी सुरू केली. सोनीबाई समोर, पेटीच्या पलीकडे उकिडव्या बसल्या. रेघ चढायला लागली.

मग उतरली.

मला वाटलं, झाकण नीट बसलं नाही. काढलं, कड्याची कड पुसली, परत दाबून बसवलं. काढताना वास आला. ओल्या मातीचा, बुरशीचा यायला हवा तो नाही. चुलीचा धूर, दमट गोधडी, केसांना लावलेलं खोबरेल. माणसांच्या घरात आत शिरल्यावर येतो तसा. मी तो वास आल्याचं स्वतःशीही कबूल केलं नाही. नळी तपासली. पेटी उचलून शेजारच्या उंबराखालच्या कड्यावर लावली, तिथे रेघ सरळ चढत गेली, कसलीही कुरकुर न करता. परत चांदाड्याखाली आणली.

चढली. उतरली. चढली. उतरली.

झोपलेलं माणूस श्वास घेतं तसं. नाही, त्याहून भरभर. लहान मूल पळून आलं आणि आता मुकाट बसायचा प्रयत्न करतंय, तसं.

सोनीबाईंना पडदा वाचता येत नव्हता, पण माझा चेहरा वाचता येत होता. त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. त्यांनी हात पुढे करून पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. बोट रेघेबरोबर वर गेलं, खाली आलं. वर गेलं, खाली आलं.

"ल्हान हाय," त्या म्हणाल्या.

मी नळीचा जोड पुन्हा दाबून पाहिला.

"माझा आवाज बसलाय आज. तुमी इचारा."

"काय?"

"तुमाला ठावं हाय."

मी शिकलेली मुलगी आहे. माझ्याकडे तेव्हा पाच कारणं होती. पंपातला दोष, बदलता दाब, धुक्याचं पाणी नळीत. मी ती मनात एकेक करून म्हणून पाहिली. आणि मग कड्यावर वाकून, स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल असं विचारलं.

"येऊ का?"

रेघ थांबली.

चढली नाही, उतरली नाही. आडवी, सरळ. मागे फक्त थेंब... आणि तेही जणू जपून पडत होते. मी पडद्याकडे पाहत राहिले. मीही श्वास धरलाय हे छाती दुखायला लागली तेव्हा कळलं. मी सोडला. खालून मात्र नाही. इतका वेळ कुणी धरत नाही. कुणाला जमत नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, पुरे झालं गं, सोड, सोड आता...

सोनीबाई अगदी हळू बोलल्या. "आता हासंल. लई येळ धराया जमत न्हाई तिला. हासू फुटतं."

आणि रेघ थरथरली. बारीक, भरभर, दातेरी. एकामागून एक लहान लहान झटके, दाबून दाबून सुटणारे.

त्याच क्षणी माझ्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, कुणीतरी हलकंच थोपटलं.

मी वळले नाही. सोनीबाई माझ्या समोर होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी स्वतःला सांगितलं, वरून पान पडलं. ओलं, जड पान. मी पेटी बंद केली, झाकण काढलं, नळी गुंडाळली. क्रम चुकला नाही. आम्ही परत निघालो.

पाण्यात उभ्या राहून सोनीबाई म्हणाल्या, "उद्या खणू नगा."

मला धक्का बसला. मी म्हटलं, "आजी, तुम्हीच तर इतकी वर्षं... आणि खाली जर..." पुढचं वाक्य मला पूर्ण करता येईना. खाली जर कोणी असेल, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? उलट मलाच तेव्हा खणावंसं वाटत होतं. आत्ता, टॉर्चच्या उजेडात, हातांनी.

"खनलं तर हाडं लागतील," त्या म्हणाल्या. "हाडं लागली म्हंजी ती मेली. आत्ता ती लपलीय."

त्या रात्री माझा डोळा लागला नाही. त्या मात्र गाढ झोपल्या. घोरतसुद्धा होत्या. इतक्या दिवसांत मी त्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. रोज रात्रीत चार वेळा उठून दारात येऊन बसायच्या.

सकाळी जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. सोनीबाई आपली दोन लुगडी, तवा आणि देवाचा टाक एका फडक्यात बांधत होत्या. शेळ्या सोडून दारात आणल्या होत्या. माझा रेनकोट खुंटीवर होता, पाठ बाहेर करून. त्या त्याच्यासमोरून गेल्या आणि थांबल्या. मग मला नुसतं बोटाने दाखवलं.

दोन खांद्यांच्या मध्ये वाळलेल्या मातीचा ठसा होता. चार बोटं, एक पुसट अंगठा. माझ्या पंजात सहज मावेल एवढा.

"धप्पा," सोनीबाई म्हणाल्या. हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "काल हाक तू दिलीस. धप्पा तुला बसला. आता राज्य तुझ्यावर, पोरी."

त्या दिवसापर्यंत त्या मला म्याडम म्हणायच्या.

मी ठशाजवळ गेले. ठसा लाल होता. तुम्हाला त्याचा अर्थ लगेच लागणार नाही. नऊ वर्षांत त्या उतारावर पानं पडून, कुजून वरची माती काळी झाली आहे. तोच तर माझ्या अभ्यासाचा आनंदाचा भाग होता. पायाला, हाताला, पानाला, कपड्याला तिथे काळंच लागतं. लाल माती खाली आहे. मी स्वतः भोकं पाडून मोजली आहे, हातभर खाली.

गाडीचा आवाज आला. भिका आला होता, मागे करवतवाले चौघे, दोर, पहारी आणि तोलकाटा. आईचं गाठोडं आणि दारातल्या शेळ्या बघून तो जागेवरच उभा राहिला. सोनीबाई म्हणाल्या, चल, येते मी. त्याने का, कसं, काही विचारलं नाही. मग त्याला रेनकोट दिसला. तो जवळ आला. आपला हात उचलून त्याने त्या ठशाशेजारी नेला, टेकवला नाही, तसाच धरला. त्याच्या रुंद, भेगाळलेल्या पंजाशेजारी ते चिमणं माप फार वेळ बघवलं नाही. मी तोंड फिरवलं.

करवतवाल्यांपैकी एकाने विचारलं, कोणतं झाड? मी म्हटलं, कोणतंच नाही. दिवसाची मजुरी घ्या, चहा घ्या आणि जा. भिकाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, रागावेल. तो एवढंच म्हणाला, "म्याडम, तुमी बी चला. पुढच्या आठवड्यात इमान हाय ना तुमचं?"

सोनीबाई पिकअपमध्ये पुढे बसल्या. खिडकीतून हात काढून माझ्या गालाला लावला. त्यांचा हात गरम होता आणि हलका होता. नऊ वर्षं जिला या जागेवरून कुणी हलवू शकलं नाही, ती बाई गाडी सुरू झाल्यावर एकदाही मागे वळली नाही. मला तेव्हा पहिल्यांदा ते सुचलं. ते कडं तिथे ठोका, असं कोणी सांगितलं होतं... आवाज बसलाय, तुम्ही विचारा, असं कोणी म्हटलं होतं... मी तो विचार पुढे नेला नाही. अजूनही नेत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

गाडी वळणापलीकडे गेली. धुकं ओढ्यावर आलं होतं, पलीकडचं रान दिसत नव्हतं. माझ्या खिशात फोन होता, सामान बांधायला तास पुरला असता, खाली डांबरी रस्त्याला दुपारची एसटी होती. ती गाठली असती तर माझा अहवाल एका झाडाने अपुरा राहिला असता, एवढंच. मी त्या रस्त्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्या लाल ठशाकडे. कुणीतरी सात वर्षांचं, नऊ वर्षं श्वास धरून, आपल्याला शोधायला येतील म्हणून वाट बघतंय, आणि मोजणारी साठवर थांबलीय. डाव पुढे सरकणार कसा? मोजणी तर पुरी व्हायला हवी. तेवढं तरी मला येत होतं.

मी इथे दारात आले, या जांभळीपाशी. बुंधा ओला आणि थंड होता. त्याला कपाळ टेकवलं, कोपरात तोंड खुपसलं, डोळे मिटले.

"सत्तर," मी म्हणाले.

ओढ्याच्या पलीकडे, पानांतून, लहान पावलं पळायला लागली. मग आणखी एक जोडी. मग आणखी... सगळीकडून, उतारभर.

मी डोळे उघडले नाहीत.

"ऐंशी."